कृष्णेचा पूर आणि पेरूचा समुद्र

वाईला गणपती घाटावर गेलात, तर ढोल्या गणपतीला नमस्कार करून लगेच परत फिरू नका. देवळाच्या मागच्या बाजूला जा आणि तिथली भिंत नीट बघा. ती सरळसोट नाही, माशाच्या आकाराची आहे! गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाणी देवळावर येऊन थडकणार, हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुराची धार दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावी, अशी ही भिंत घातली.

पण कृष्णा कुठल्या वर्षी फुगेल आणि कुठल्या वर्षी रोडावेल, हे मात्र त्या काळी कुणालाच सांगता आलं नसतं. कारण त्यातलं बरंचसं ठरतं वाईपासून हजारो किलोमीटर लांब, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशासमोरच्या समुद्रात!

पटत नाही? मग हीच नदी वाईच्या खाली, सांगली-मिरजेपाशी बघू. एप्रिल 2016. मिरज स्टेशनात एक मालगाडी उभी आहे. टाक्यांचे दहा डबे आणि प्रत्येक डब्यात सुमारे 50 हजार लिटर पाणी. हे कृष्णेचं पाणी तहानलेल्या लातूरकरांसाठी निघालंय. 12 एप्रिलला गाडी लातूरला पोचली. आगगाडीने पाणी न्यायची वेळ आली, कारण 2014 आणि 2015 असा लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला होता. 2015 मध्ये तर देशात सरासरीच्या 86 टक्केच पाऊस झाला.

आता ऑगस्ट 2019. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी चढलं 57 फुटांच्या वर! घरं, दुकानं, ऊस, सगळं पाण्याखाली. नदी तीच, मधे जेमतेम तीन वर्षं. मग एवढा फरक कसा?

आधी प्रशांत महासागरात जाऊ. तिथे विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. बशीतल्या चहावर फुंकर घातली की चहा पलीकडच्या काठाकडे सरकतो ना, तसं हे वारे वरचं कोमट पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलत राहतात. तिकडे समुद्राची पातळी पेरूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते, एवढी त्या वाऱ्यांची ताकद! पेरूजवळ मग खोलातलं गार पाणी वर येतं.

काही वर्षी मात्र हे वारे मंदावतात. साठलेलं कोमट पाणी पुन्हा पूर्वेकडे पसरतं. यालाच एल निनो म्हणतात. 2015 च्या अखेरीस मध्य प्रशांत महासागराचा पृष्ठभाग नेहमीपेक्षा दोन अंशांहून जास्त तापला होता. दोनच अंश? हो, पण एवढ्या अफाट समुद्राचे! जिथे पाणी गरम, तिथे हवा वर चढते, ढग बनतात. वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरायलाच हवी. एल निनोच्या वर्षी ती बऱ्याचदा आपल्या बाजूला उतरते आणि इथल्या ढगांना वर चढू देत नाही. मग पाऊस ओढ देतो आणि वाईचा हळदवाला आभाळाकडे बघत बसतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर अंदाज बांधणं सोपं झालं असतं. पण 1997 मध्ये भलामोठा एल निनो आला, सगळे धास्तावले, आणि आपल्याकडे पाऊस झाला 102 टक्के! हे कोडं सोडवायला आपल्याच हिंद महासागराने मदत केली. 1999 मध्ये साजी आणि यामागाता या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की या महासागराची दोन टोकंही आलटून पालटून तापतात. आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची गार झाली, तर मान्सूनला सहसा जोर येतो. 1997 मध्ये नेमकं तसंच झालं होतं. 2019 मध्येही. त्या वर्षी जूनमध्ये पावसाने दडी मारली होती, पण पुढे असा कोसळला की हंगामाची बेरीज 110 टक्क्यांवर गेली.

सांगलीचा पूर एकट्या समुद्राने आणला असं मात्र मी म्हणणार नाही. बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे पट्टे आणि वाटेत आडवे उभे असलेले महाबळेश्वरचे डोंगर, यांचाही त्यात हात असतो. समुद्र सबंध हंगामाचा कल ठरवतो. कुठल्या मंगळवारी तुमच्या गल्लीत पाऊस पडेल, हे त्याच्यावरून कळत नाही.

समुद्राचा ताप मोजतं कोण, माहितीये? आर्गो नावाची यंत्रं. माणसाच्या उंचीची ही नळकांडी जगभरच्या समुद्रांत तरंगत असतात, सुमारे चार हजार! प्रत्येक यंत्र 2 हजार मीटर खोल बुडी मारतं, वर येता येता पाण्याचं तापमान आणि खारटपणा टिपतं, उपग्रहाला निरोप धाडतं आणि पुन्हा खाली जातं. दर दहा दिवसांनी एक फेरी. अशा नोंदी संगणकात भरून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ मान्सूनचा अभ्यास करतात. हवामान विभागाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो. त्या दिवशीच्या पेपरात समुद्राचा नकाशा छापलेला असेल, तर पेरूसमोरचा रंग लाल आहे की निळा, ते आधी बघा.