मैदान कुणाचं, खेळ कुणाचा?

७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवते का? शनिवार होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक गोल्फच्या शेवटच्या फेरीत पदकाच्या अगदी जवळ होती. ज्यांनी उभ्या जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती, अशी माणसं भल्या पहाटे उठून टीव्हीसमोर बसली होती. ‘बर्डी’ म्हणजे काय आणि ‘पार’ म्हणजे काय, हे एकमेकांना विचारत होती. अदिती चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सुवर्णपदक आणलं आणि सकाळचा गोल्फ सगळे विसरून गेले.

आमच्या घरात मात्र एक प्रश्न मागे राहिला. तो विचारला माझ्या आईने. तिचं सारं आयुष्य दुधनीत गेलेलं. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर, अक्कलकोट रोडच्या पुढे, कर्नाटकाच्या वेशीला टेकलेलं आमचं हे गाव. बाजारात तूर मराठीत विकायची आणि घासाघीस कन्नडमध्ये करायची, अशी तिथली रीत. आई म्हणाली, ‘‘ही पोरगी एकदा मारते नि मैलभर चालते. समोर खेळणारं कुणीच कसं नाही? हे तर तुमच्या चिन्नीदांडूसारखं दिसतंय. पण त्यात निदान झेलायला पोरं तरी असायची!’’

चिन्नीदांडू म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राचा विटीदांडू. आईचं बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं. पण पुढे खारघरला पुतण्याकडे राहायला गेलो, तेव्हा ती किती नेमकं बोलून गेली होती ते कळलं.

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने गोल्फचं मैदान केलं आहे. त्याचं वेगळेपण असं, की ते सार्वजनिक आहे. क्लबाचं सभासदत्व नसलेल्या माणसालाही पैसे भरून तिथे खेळता येतं. पुतण्या सवड मिळेल त्या रविवारी जातो. एका रविवारी मीही त्याच्याबरोबर चालायला गेलो. खेळायला नव्हे, नुसतं चालायला.

गोल्फची गोष्ट थोडक्यात सांगायची, तर अशी. मैदानात अठरा भोकं असतात. प्रत्येकाची रुंदी १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. चहाची बशीसुद्धा त्यात मावायची नाही. काही शे मीटरवरून चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा आणि कमीत कमी फटक्यांत घालायचा. चांगल्या खेळाडूला एका भोकासाठी तीन, चार किंवा पाच फटके लागावेत असं ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. एक फटका वाचवला की बर्डी, एक जास्त लागला की बोगी. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. अठरा भोकांची एक फेरी करायची म्हणजे चार तास आणि सहा-सात किलोमीटरची चाल. आईने बरोबर ओळखलं होतं. चेंडू अडवायला समोर कुणी नसतं. तुमच्याशी खेळते ती जमीन.

आणि ही जमीन पुतण्याला तोंडपाठ होती. ‘‘काका, इथे समोरून वारा येतो, म्हणून मोठी काठी घ्यायची.’’ ‘‘त्या झाडाच्या डावीकडून मारला तरच पुढचा फटका सोपा.’’ ‘‘इथे पावसाळ्यात चेंडू रुतून बसतो.’’ रविवारमागून रविवार त्याच मातीवर चाललेल्या माणसाचं ते ज्ञान होतं. ते ऐकता ऐकता मला आमचा दुधनीचा माळ दिसू लागला.

ज्वारी निघाली, परीक्षा आटोपल्या, की आमचा मुक्काम गावाबाहेरच्या त्या माळावर. बाभळीच्या फांदीचा दीड-दोन हाताचा दांडू, दोन्ही टोकांना तासलेली चार बोटांची विटी आणि जमिनीत उकरलेली एक खाच. एवढ्या भांडवलावर दुपार सरायची. कुठल्या खडकावर विटी आपटली की उलटी उडते, कुठल्या बाभळीखाली गेली की काटे मोडल्याशिवाय हाती लागत नाही, तिन्हीसांजेला वारा कुठून येतो, हे सगळं आम्हालाही तोंडपाठ होतं. गोट्या खेळायचो तेव्हा गलीत गोटी घालताना जो श्वास रोखला जायचा, तोच श्वास मी खारघरला पुतण्याच्या छातीत पाहिला. चेंडू भोकापासून हातभर अंतरावर होता आणि भाचरं-पुतणी सांभाळणारा, नोकरीत मुरलेला तो माणूस दहा वर्षांच्या पोरासारखा ओणवा झाला होता.

विटीदांडूची मोजणी तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झक्कू. विटी पडली तिथून खाचेपर्यंत दांडूने मोजत यायचं आणि जो आकडा येईल त्या रीतीने पुढचा टोला मारायचा. हे आकडे कुठले, याचा विचार आपण कधी केला नाही. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, तीन म्हणजे मूडु, चार म्हणजे नालुगु. आर म्हणजे तेलुगूतही सहा आणि कन्नडमध्येही सहा. म्हणजे पाचाचा आकडा वाटेत कुठेतरी सांडला! सोलापुरातल्या विणकर वस्तीत जी भाषा घरोघर चालते, तिचे आकडे मराठी पोरं कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत माळावर ओरडत आली. खेळाला वेस नसते, ती अशी.

मग गोल्फलाच एवढी उंच भिंत का? त्याचं कारण तो आपल्याकडे आला त्या वाटेत आहे. इंग्रजांनी १८२९ मध्ये कलकत्त्याला गोल्फ क्लब काढला. ब्रिटनच्या बाहेरचा तो सगळ्यांत जुना क्लब. १८४२ मध्ये मुंबईचा निघाला. गोरे साहेब, छावण्या आणि क्लब यांच्याबरोबर खेळ आला आणि कुंपणाच्या आतच राहिला. आपला माणूस आत गेला तो बहुधा पिशवी उचलणारा कॅडी म्हणून. तरी त्यातूनही अली शेरसारखा माणूस निघाला. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या या खेळाडूने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. तिथवर कुठल्याही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ते जमलं नव्हतं.

पण या खेळाचं माहेर असलेल्या स्कॉटलंडमध्ये गोष्ट उलटी आहे. सेंट अँड्र्यूज या गावात समुद्रकाठी वाळूचं, खुरट्या गवताचं एक माळरान आहे. शेती पिकणार नाही अशी ती जमीन. तिथे मेंढ्या चरत, ससे बिळं करत, बायका कपडे वाळत घालत आणि गावकरी चेंडू बडवत. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपने सशांची पैदास करण्याची सवलत मिळवली. पण त्या सनदेतच लिहून ठेवलं गेलं, की या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राहील. पुढे १७६४ मध्ये याच माळावर बावीसाची अठरा भोकं झाली आणि जगभर अठरा हाच आकडा रूढ झाला.

तरीही संकट आलंच. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने माळ विकून टाकला. घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी सशांची शेती मांडली. जिकडेतिकडे बिळं! गावकरी आणि व्यापारी यांच्यात वीसेक वर्षं कोर्टकज्जे चालले, हातघाईचे प्रसंगही आले. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या एका गोल्फवेड्या जमीनदाराने ती जागा विकत घेऊन खेळ वाचवला आणि १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने माळ पुन्हा गावाच्या हाती आला. आजही तो सार्वजनिक आहे. जगातले नामांकित खेळाडू तिथे खेळायला धडपडतात, पण एखादी मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसं पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन तिथे फिरायला येतात.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. त्या गावाचा हक्क कागदावर होता, म्हणून तो भांडून परत मिळवता आला. आमच्या माळाचा हक्क कुणी लिहिला होता? तो आमच्या पायांच्या तळव्यांत होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

गेल्या हिवाळ्यात दुधनीला गेलो, तेव्हा बालमित्राला घेऊन माळाकडे निघालो. निम्मा माळ घरांनी व्यापला आहे. माणसांना घरं हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. त्यातल्या एका घरात आमच्याच वर्गातल्या एकाची नातवंडं राहतात. पण उरलेल्या निम्म्यावरही चुन्याच्या रेघा आणि खुंट्या दिसल्या, तेव्हा पोटात कालवलं. मित्र म्हणाला, ‘‘काय बे, बघत काय बसलास? मुंबईत राहून हात विसरला काय?’’ आणि त्याने पिशवीतून चक्क दांडू काढला. सकाळीच तासून ठेवला होता.

सहा दशकांनी आम्ही पुन्हा खाच उकरली. माझा पहिला टोला हुकला, दुसराही हुकला. तिसरा बसला आणि विटी उडाली ती थेट चुन्याच्या रेघेपलीकडे. पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरं धावत आली. एकाने विटी उचलून विचारलं, ‘‘आजोबा, ह्ये काय आहे?’’ मित्राने दांडू त्याच्या हातात दिला. पाच मिनिटांत रांग लागली. मोजताना पोरं चुकत होती, मग मीच मोठ्याने मोजू लागलो. वकट, लेंड, मूंड... नालपाशी एक मुलगी थांबली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, नाल म्हणजे आमचं नाल्कु!’’ तिच्या घरी कन्नड होतं. मला साठ वर्षांत जे सुचलं नव्हतं, ते तिला एका टोल्यात उमगलं.

दुधनीत गोल्फचं मैदान व्हावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. हिरवळीला पाणी फार लागतं आणि आमच्याकडे उन्हाळ्यात घागर भरण्याची चिंता असते. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक गावाला पायाखालचा, ओळखीचा, सगळ्यांचा असा एक माळ हवा आणि तो कागदावर हवा. गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत मिळाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानेही २८ जानेवारी २०११ च्या निकालात बजावलं आहे. शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण असतं, सातबाऱ्यावर जमिनीची नोंद असते. तुमच्या पोरांचं मैदान त्यात कोणत्या नावाने लिहिलं आहे, हे एकदा जाऊन पाहून या. आम्ही दोघे म्हातारे दुसऱ्या दिवशी तेच करायला गेलो. कागद निघायला वेळ लागेल असं कळलं. लागू द्या. सेंट अँड्र्यूजला जवळजवळ शंभर वर्षं लागली होती.

आईला हे सारं सांगितलं. ती ऐकून घेत म्हणाली, ‘‘ते खरं. पण जिंकलं कोण?’’

मित्र जिंकला. पुढच्या सुट्टीत उट्टं काढायचं आहे. माळ तेवढा जागेवर राहो.