तळे राखी तो डिंभ राखी

बेडकाचा सोयरा असूनही जन्मभर शेपूट न टाकणारा न्यूट हा उभयचर प्राणी दार्जिलिंग व सिक्कीमच्या डोंगरांत आढळतो. २०१५ साली शास्त्रज्ञांनी त्याला हिमालयाच्या नावाने स्वतंत्र जाती ठरविले. पावसाळ्यात तो तळ्यांत अंडी घालतो. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिउद्यानाने त्याचे संवर्धन हाती घेतले, हे स्तुत्यच होय.

मात्र हे काम येरागबाळ्याचे नव्हे. न्यूटचे डिंभ जिवंत, हलते भक्ष्यच टिपतात. उपासमार वा दाटी झाली की भावंडांचेच पाय तोडतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांच्या नाजूक कल्ल्यांना जाळते. उष्ण वा नासलेले पाणीही तितकेच घातक. पुढे कल्ले आटून फुप्फुसांनी श्वसन सुरू होते. तेव्हा पाण्याबाहेर चढावयास आधार नसेल, तर पाण्यात जन्मलेले पिल्लू पाण्यातच बुडून मरते!

त्याहून मोठा धोका रोगाचा. बहुधा प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात शिरलेल्या एका बुरशीने नेदरलँड्समधील सॅलॅमँडर जवळजवळ संपविले. २०१३ साली ती ओळखली गेली. म्हणूनच टाकीतील पिल्ले तपासणीविना तळ्यात सोडणे हा उपकार नसून अपकार ठरेल.

वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेल्या या प्राण्यास हौसेखातर घरी आणणे तर सर्वथा अनुचितच. पिल्ले वाढविण्याचे कौशल्य अभ्यासकांनी अवश्य मिळवावे. पण तळीच बुजली, तर ती पिल्ले परतणार कोठे? टाकी हा आपद्धर्म आहे. तळे हेच त्यांचे घर, आणि ते राखणे हाच खरा धर्म.