उच्च माध्यमिक स्तरावरील भूगोल (महाराष्ट्र)

उच्च माध्यमिक स्तरावरील भूगोल हा महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत इयत्ता अकरावी व बारावीला शिकवला जाणारा ऐच्छिक विषय आहे. दहावीपर्यंत भूगोल सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य असला, तरी सामाजिक शास्त्रांच्या गटात त्याच्या वाट्याला ४० गुणांची लेखी परीक्षा येते. अकरावीपासून तो १०० गुणांचा स्वतंत्र विषय होतो. त्यांपैकी ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० प्रात्यक्षिकाला असतात. हा विषय प्रामुख्याने कला शाखेतील विद्यार्थी घेतात. विज्ञान शाखेतही तो निवडता येतो, परंतु तशी निवड करणारे थोडे.

शालेय व्यवस्थेत या विषयाचे स्थान नेहमीच काहीसे दुय्यम राहिले आहे. २३ मार्च २०२० रोजी होणारी दहावीची भूगोलाची परीक्षा करोनाच्या साथीमुळे आधी पुढे ढकलली गेली व नंतर रद्द झाली. विद्यार्थ्यांना अन्य विषयांतील गुणांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. वेळापत्रकात भूगोल शेवटी होता, एवढेच त्याचे कारण.

== अभ्यासक्रम ==
सध्याच्या अभ्यासक्रमाची अकरावीची पाठ्यपुस्तके २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये बालभारतीने प्रसिद्ध केली. अकरावीत भर प्राकृतिक भूगोलावर असतो : भू-हालचाली, विदारण व विस्तृत झीज, हवामान प्रदेश, हिंदी महासागर, आपत्ती व्यवस्थापन इत्यादी. बारावीत लोकसंख्या, मानवी वस्ती, आर्थिक क्रिया आणि प्रादेशिक विकास हे मानवी भूगोलाचे घटक येतात.

शालेय भूगोलाहून हा अभ्यास वेगळा ठरतो, तो प्रश्नांच्या स्वरूपामुळे. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे शाळेतच माहीत झालेले असते. तेथून सुमारे २० किलोमीटरवरील पाचगणीला त्याच्या निम्माही पाऊस का पडत नाही आणि घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत तो हजार मिलिमीटरच्याही खाली कसा येतो, याचे उत्तर मात्र पाठांतराने देता येत नाही. त्यासाठी चढणाऱ्या हवेचे थंड होणे, उतरणाऱ्या हवेचे तापणे आणि सह्याद्रीची दिशा यांचा एकत्र विचार करावा लागतो.

मानवी भूगोलातही हेच दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. केवळ पहिला आकडा पाहिला, तर रत्नागिरीत मुलींचा जन्मदर अधिक असावा असे वाटू शकते. परंतु तेथील शून्य ते सहा वयोगटातील लिंग गुणोत्तर हजाराच्या खालीच आहे. कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या रोजगारासाठी मुंबईकडे जात आले आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या आकड्यांवर याच स्थलांतराची छाया आहे. कोष्टकातील दोन दूरच्या ओळी अशा जोडून पाहणे हे बारावीच्या लोकसंख्याविषयक पाठांचे खरे प्रयोजन होय.

== प्रात्यक्षिक ==
प्रात्यक्षिकांत सांख्यिकीय आकडेमोड, आलेख, क्षेत्रघनी नकाशे, क्षेत्रभेटीचा अहवाल आणि स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन अशी कामे केली जातात. यांतील नकाशावाचन सर्वांत फलदायी म्हणता येईल. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यासाठी वापरता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीत पुणे शहराचा बहुतांश भाग ४७ एफ/१४ या नकाशात येतो.

या प्रमाणावर नकाशातील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. लगतच्या दोन समोच्च रेषांमधील उंचीचा फरक सामान्यतः २० मीटर असतो. एका सेंटिमीटरच्या अंतरात उंचीची दहा अंतरे मोजली, तर जमीन ५०० मीटरमध्ये २०० मीटर चढते, म्हणजेच उतार सुमारे २२ अंशांचा आहे, हे साध्या पट्टीने काढता येते. रंगांनाही अर्थ असतो. दख्खनच्या पठारावरील अनेक ओढे निळ्याऐवजी काळ्या रेषेने दाखवलेले आढळतात, कारण पावसाळा सरल्यावर त्यांत पाणी उरत नाही. गावे, विहिरी आणि या काळ्या रेषा एकत्र पाहिल्या की त्या भागातील पाण्याची स्थिती बरीचशी उलगडते.

उतारांचे असे वाचन केवळ परीक्षेपुरते नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरउताराचा भाग कोसळून सुमारे १५० जणांचा मृत्यू झाला. तीव्र उतार, विदारित मातीचा थर आणि मुसळधार पाऊस हे तेथे एकत्र आलेले घटक अकरावीच्या विस्तृत झीज या पाठाचाच विषय आहेत. नकाशावरून दरड कधी कोसळेल हे सांगता येत नाही. वस्ती कोणत्या उताराच्या पायथ्याशी आहे, हे मात्र निश्चित दिसते.

== अध्यापनातील अडचणी ==
अनेक ठिकाणी प्रात्यक्षिक वही मागील वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते आणि क्षेत्रभेट सहलीत विरून जाते. मूळ नकाशा न हाताळताच पुस्तकातील लहान तुकड्यावरून प्रश्न सोडवले जातात. त्यामुळे चिन्हे व खुणा पाठ होतात, पण अनोळखी प्रदेशाचा नकाशा समोर आला की विद्यार्थी अडखळतो. मोठ्या वर्गात नकाशांच्या प्रती कमी पडतात, हीसुद्धा खरी अडचण आहे. यावर सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या तालुक्याचा नकाशा घेणे. रोजच्या वाटेवरील चढ, ओढा व पाझर तलाव कागदावर ओळखता आले की रेषांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.