डागाला कारण हवे

‘एवढा मोठा झालास, अजून खेळण्यांत रमतोस?’ हा प्रश्न प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जुळवणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो. वसतिगृहात मीही तो अनेकदा ऐकला आहे. विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. टेबलावर वीतभर लांबीचा रणगाडा, भोवती रंगाच्या बाटल्या आणि कोपऱ्यात उपडे पडलेले इतिहासाचे पुस्तक, हे दृश्य पाहून दुसरे काय सुचणार? परंतु रणगाड्याची प्रतिकृती बांधणे, रंगवणे आणि नंतर ती विचारपूर्वक मळवणे, हा इतिहासाच्या अभ्यासाचाच एक प्रकार आहे असे माझे मत आहे. हे काम कसे करतात ते सांगता सांगता माझे म्हणणेही मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

उदाहरणासाठी मी सेंच्युरियन हा रणगाडा घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तयार झालेला हा रणगाडा पुढे भारतीय सैन्यात आला आणि १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत लढला. त्याचे वजन सुमारे ५० टन. तोफ सोडून केवळ धडाची लांबी सुमारे ७.६ मीटर. प्रतिकृतीचे रूढ प्रमाण १:३५, म्हणजे धड जेमतेम २२ सेंटिमीटरचे होते. या प्रमाणाचा उगम मोठा गमतीचा आहे. जपानच्या तामिया कंपनीने आपल्या पहिल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटरी बसावी एवढा आकार ठरवला. मागाहून हिशेब केला तेव्हा प्रमाण निघाले १:३५, आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. हा आकडा मात्र पुढच्या प्रत्येक पायरीवर ध्यानात ठेवावा लागतो. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर!

संचातील सुटे भाग एका चौकटीला जोडलेले असतात. ते हाताने मोडून काढू नयेत, कटरने कापावेत आणि उरलेला कोंब पात्याने व पॉलिश पेपरने साफ करावा. त्याआधी सगळी चौकट साबणाच्या पाण्याने धुवावी, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ राहिला तर वर रंग धरत नाही. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस चाकांच्या सहा जोड्या असतात, म्हणजे एकूण चोवीस चाके. चोवीस चाकांच्या कडा घासताना माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा होते. येथे घाई करणाऱ्याने पुढे जाऊच नये.

प्लॅस्टिकचा सिमेंट हा साध्या अर्थाने डिंक नव्हे. तो दोन्ही भागांचे पृष्ठभाग किंचित विरघळवतो व ते एकमेकांत मिसळून घट्ट होतात. म्हणून तो थोडाच लावावा आणि त्याआधी भाग कोरडेच जुळवून पाहावेत. तोफेची नळी बहुधा दोन अर्ध्या भागांची असते. त्यांची सांध लांबी भरून, घासून पूर्ण नाहीशी करावी लागते. खऱ्या तोफेला अशी सांध नसते. बांधणीतील बहुतेक नियम या एकाच नियमातून निघतात: जे खऱ्यात नाही ते येथे राहू द्यावयाचे नाही.

मग रंगकाम. प्रथम राखाडी अस्तराचा एक पातळ हात द्यावा. अस्तर रंगाला पकड देते आणि डोळ्यांतून सुटलेले ओरखडे उघडे पाडते. त्यावर ऑलिव्ह हिरवा रंग. येथे चित्रकला शिकणाऱ्या मित्रांना ओळखीचा वाटेल असा एक मुद्दा येतो. खऱ्या रणगाड्याच्या डब्यातला रंग जसाच्या तसा वीतभर प्रतिकृतीला दिला तर ती फार काळवंडलेली दिसते. मोठी वस्तू आपण दुरून पाहतो, मधल्या हवेमुळे तिचा रंग फिका होतो. लहान वस्तू मात्र हातभर अंतरावरून पाहतो. म्हणून रंगात थोडा फिका रंग मिसळावा, आणि निव्वळ काळा तर कोठेच वापरू नये. ज्या भागांवर वरून ऊन पडते ते आणखी किंचित उजळ ठेवावेत.

रंग वाळल्यावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा. त्यावर आकडे आणि रेजिमेंटच्या खुणा चिकटवाव्यात. मग येतो वॉश. गडद तपकिरी तैलरंगाचा कणभर ठिपका भरपूर टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, कुंचल्याच्या टोकाने रिव्हेट व सांधीच्या कडेला टेकवावा. गुळगुळीत वार्निशवरून तो आपोआप फटीत धावतो आणि तेथे सावली उभी राहते. खाली अॅक्रिलिक रंग असेल तर टर्पेंटाइनने तो सुटत नाही. याच्या उलट क्रिया कोरड्या कुंचल्याची. फिक्या रंगात बुडवलेला कुंचला कापडावर जवळजवळ पूर्ण पुसून उंचवट्यांवर हलकेच फिरवला की कडा उजळतात.

येथवर काम कारागिरीचे होते. यापुढे ते विचाराचे होते, कारण आता रणगाडा मळवावयाचा आहे. नवशिक्याच्या हाती तपकिरी रंग आला की तो सर्वत्र गंज लावत सुटतो. असा रणगाडा दिसतो छान, पण तो काय सांगतो? गंज साचावयास काळ लागतो. धूळ मात्र एका दिवसात बसते. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्या चौदा दिवसांत पश्चिम आघाडीवर धावणारा, रोज निगा राखलेला रणगाडा धुळीने भरेल, चिखलाने माखेल, पण भंगारासारखा गंजणार नाही. गंज चढवणारा कलावंत नकळत असे सांगत असतो की हा रणगाडा कित्येक वर्षे माळावर टाकून दिलेला होता.

म्हणून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे: कारण सांगता येत नसेल तर डाग काढावयाचा नाही. रंग कोठे उडेल? जेथे सैनिकांचे बूट रोज पडतात तेथे, झाकणांच्या कडांवर आणि इंजिनावरच्या पत्र्यावर. सायलेन्सर तापतो, तेथला रंग आधी जळतो, म्हणून तेथे गंज न्याय्य आहे. इंधन भरण्याच्या तोंडाभोवती सांडलेल्या तेलावर धूळ चिकटून काळपट डाग पडतो. साखळीपट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग सतत घासून लखलखतो, आणि खोलगट भागात माती राहते. थरांचा क्रमही हवा. आधी रंग उडतो, मग त्यावर धूळ बसते, मग त्या धुळीत माणसाच्या हाताची पुसट रेघ उठते. उत्खननात सामान्यतः खालचा थर आधीचा मानतात, तसेच हे.

हे सारे पाहावयास युद्धभूमीवर जाण्याची गरज नाही. आपली एस.टी. पाहा. मागच्या काचेवर धुळीचा पडदा असतो, पायरीचा पत्रा उघडा पडून चकाकतो, दाराची दांडी असंख्य हातांनी गुळगुळीत झालेली असते. रस्त्याच्या कामावरच्या बुलडोझरचे पट्टे पाहा, ट्रॅक्टरचा सायलेन्सर पाहा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात खरा सेंच्युरियन आहे. परंतु संग्रहालयातील वाहने रंगवून जपलेली असतात. त्यांच्याकडून आकार शिकावा. धुळीचे शिक्षण एस.टी. देते.

मातीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. आपल्याला माती म्हटली की देशावरची काळी किंवा कोकणातली तांबडी आठवते. सेंच्युरियनने बसंतर नदीच्या परिसरात, शकरगढ भागात जी लढाई केली तेथली माती मात्र नद्यांनी वाहून आणलेली, बारीक, फिकट भुरकट आहे. तांबडी माती लावली तर रणगाडा शकरगढहून उचलून थेट रत्नागिरीस आणल्यासारखे होईल. शिवाय अंगणातली माती जशीच्या तशी चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण या प्रमाणात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो! म्हणून पेस्टल खडूची भुकटी मलमलीतून गाळून घ्यावी. तळाशी चिखल ओला आणि गडद, वर वाळलेला आणि फिका ठेवावा. शेवटी मॅट वार्निशचा अगदी पातळ हात द्यावा.

आता मुख्य मुद्दा. सेंच्युरियन म्हटले की पूना हॉर्स आठवते. या रेजिमेंटचा इतिहास १८१७ च्या पुण्यापर्यंत मागे जातो. तिचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ मध्ये धारातीर्थी पडले. याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत होते. त्यांच्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’. रणगाड्याने पेट घेतल्यावर तो सोडण्याचा आदेश मिळाला. तोफ चालते आहे तोवर लढणार, असे कळवून ते आतच राहिले आणि पुढच्या आघातात त्यांना वीरमरण आले. वय होते २१ वर्षे. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

एकवीस हे आपल्यापैकी अनेकांचे वय आहे. या रणगाड्याची प्रतिकृती करताना गोळ्याचे भोक आणि आगीचा काळा डाग दाखवण्याचा मोह होतो. तंत्र सोपे आहे. सुई तापवून प्लॅस्टिकला छिद्र पाडावे, भोवती कोळशाची पूड चोळावी. दहा मिनिटांचे काम, आणि पाहणारे ‘वा!’ म्हणतात. परंतु ज्या भोकापलीकडे चार माणसे बसलेली होती ते शोभेसाठी काढावे असे मला वाटत नाही. म्हणून मी रणगाडा त्या सकाळचा, पहिला गोळा लागण्यापूर्वीचा ठेवला आहे. पट्ट्यांत ओला चिखल आहे, पत्र्यावर भुरकट धूळ आहे, झाकणाच्या कडेला बुटांनी उडालेला रंग आहे. त्या दिवशी पुढे काय घडले हे पाहणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याला भोक दाखवावे लागत नाही. ठाऊक नसेल तर त्याने विचारावे. मी आनंदाने सांगतो.

आमचे प्राध्यापक कोणतेही साधन हाती आले की तीन प्रश्न विचारावयास शिकवतात: हे कोणी केले, केव्हा केले, का केले? प्रतिकृतीवर धुळीचा एक ठिपका ठेवतानाही हेच तीन प्रश्न पडतात, आणि उत्तर नसेल तर कुंचला खाली ठेवावा लागतो. तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी माझ्या खोलीत आलात तर ‘खेळणे’ अवश्य म्हणा. मात्र त्यावरच्या एखाद्या डागावर बोट ठेवून ‘हा येथे का?’ असेही विचारा. उत्तर देता आले नाही, तर तो डाग मी तुमच्यासमोर पुसून टाकीन.