शिराझ इराणचं नाही

नाशिकच्या एखाद्या वायनरीत टेस्टिंगला उभे राहा. शिराझची बाटली उघडायच्या आत इराण निघतोच. हे द्राक्ष मूळचं पर्शियातलं, शिराझ शहरातलं, असं कुणीतरी ठामपणे सांगतं. कुणाला हाफिजच्या गझला आठवतात, आणि पुढे कुणी काही विचारत नाही. शिराझ शहर एके काळी मद्यासाठी नावाजलेलं होतं, हे खरं. पण आपल्या ग्लासातलं द्राक्ष तिथलं नाही. ते फ्रान्सचं आहे, आणि हे सिद्ध होऊन पाव शतक उलटलं तरी तीच गोष्ट ऐकावी लागते, याचा मला मनस्वी राग येतो.

ही दंतकथा फ्रान्समध्येच जन्मली. ऱ्होन नदीकाठी हर्मिटाज नावाची टेकडी आहे. तेराव्या शतकात गास्पार द स्तेरँबेर हा सरदार धर्मयुद्धावरून परतला, टेकडीवर एकांतात राहिला आणि त्याने पर्शियातून आणलेली वेल तिथे लावली, असं सांगतात. पण त्याच कथेप्रमाणे तो लढला ते युद्ध कॅथार पंथीयांविरुद्धचं, म्हणजे दक्षिण फ्रान्समधलंच. त्या वाटेवर पर्शिया कुठून येणार?

तरीही शंका असेल तर डीएनए पाहावा. 1990च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधल्या मोंपेलिएचे संशोधक यांनी मिळून या वाणाचे आईबाप शोधले. एक द्युरेझा, आर्देश भागातलं काळं द्राक्ष. दुसरं मोंदेझ ब्लांश, साव्हुआ भागातलं, आणि तेही पांढरं! दोन्ही आग्नेय फ्रान्समधली, दोन्ही फारशी कुणाला माहीत नसलेली.

इथे आपल्या द्राक्षबागायतदाराला जास्त समजावायची गरज नाही. द्राक्षाचं बी पेरलं तर मूळ वाण मिळत नाही, दर रोप निराळं निघतं. म्हणून वाण टिकवायचा तो काडीने, कलमाने. कधीतरी या दोन वेलींच्या संकरातून एक रोप उगवलं आणि जगभरातलं सगळं शिराझ त्या एका रोपाच्या काड्यांतून आलं. इराणची कथा खरी ठरायला हे दोन्ही आईबाप आधी इराणात जायला हवेत, तिथे त्यांचा संकर व्हायला हवा आणि नंतर त्यांचा मागमूसही उरता कामा नये. असं मानायला कसलाच आधार नाही.

मग नाव कुठून आलं? फ्रान्समध्ये याला आजही सिरा म्हणतात. जेम्स बस्बी याने युरोपातून जमवलेल्या वेलींच्या काड्या 1832 मध्ये ऑस्ट्रेलियात पोचल्या. त्यांत सिराही होतं. तिथे नावाची रूपं बदलत गेली आणि शेवटी शिराझ रूढ झालं. आपल्या बाटल्यांवरही बहुधा तेच नाव असतं. द्राक्ष मात्र एकच. पश्चिम आशियाशी नातं जोडायचंच असेल तर आपल्या रोजच्या थॉमसन सीडलेसशी जोडावं. त्याचं मूळ खरोखर त्या बाजूचं आहे.

बाकीचे गैरसमज लवकर निपटता येतात. पेटीट सिरा म्हणजे छोटं शिराझ नव्हे; तो द्युरिफ नावाचा वेगळा वाण, सिराचं अपत्य. काळ्या द्राक्षाचा रस लाल असतो म्हणून वाइन लाल होते, हेही चूक: रस जवळपास रंगहीन असतो, रंग सालीतून उतरतो, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात. रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून रोज घ्यावी, असं सांगणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचं जानेवारी 2023 मधलं निवेदन वाचावं. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

आणि मिरी. शिराझमध्ये मिरी घालतात का, असं लोक खरंच विचारतात. घालत नाहीत. सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं. काळ्या मिरीचा वासही त्याचाच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते शिराझमध्ये ओळखलं. त्यांच्याच चाचण्यांत सुमारे पाचातल्या एकाला हा वास मुळीच आला नाही. तेव्हा शेजारच्याला मिरी जाणवली आणि तुम्हाला नाही, तर दोघंही खरं बोलत असाल.