सूर्याची रेखीव कड

चितेगावच्या शिवारातून मावळतीचा सूर्य धुळीच्या पडद्याआड तांबूस दिसू लागला, म्हणजे त्याची कड इतकी रेखीव भासते की, जो गोल सर्वस्वी तप्त वायूचा आहे त्याला अशी कड असावी तरी कशी, हा प्रश्न जिज्ञासू मनाला पडल्यावाचून राहत नाही. कडेजवळच्या वायूची घनता आपल्या हवेच्या सहस्रांशाहूनही कमी. तरीही काहीशे किलोमीटर जाडीचा तो विरळ थर सूर्याचे अंतरंग पूर्णपणे झाकून टाकतो.

या कोड्याचा उलगडा १९३९ साली खगोलशास्त्रज्ञ रूपर्ट विल्ट यांनी केला. सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमानाच्या त्या थरात हायड्रोजनचे बहुतेक अणू अभंग असतात आणि दृश्य प्रकाशाला फारसे अडवीत नाहीत. परंतु सोडियम, मॅग्नेशियम, लोह अशा धातूंपासून सुटलेला एखादा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अणूला चिकटला, म्हणजे ऋण आयन जन्मास येतो. दहा कोटी अणूंमागे असा आयन एखादाच; पण त्या जादा इलेक्ट्रॉनवर अणूचा ताबा इतका ढिला असतो की दृश्य प्रकाशाचा कोणताही कण त्याला सोडवू शकतो आणि त्या खटपटीत स्वतः शोषला जातो. या शोषणाचा काटेकोर हिशेब पुढे खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी मांडला. इतक्या अल्पसंख्य आयनांनी सूर्यासारख्या प्रचंड गोलाला त्याची कड द्यावी, याहून विस्मयकारक गोष्ट खगोलशास्त्रात मला तरी ठाऊक नाही.



सूर्याच्या या कडेच्या अभ्यासाचा एक दाखला आपल्याच मुलखात आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मुक्काम ठोकला होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. चंद्र तेजोगोल झाकतो त्या क्षणी, सूर्याच्या वर्णपटात एरवी काळ्या दिसणाऱ्या शोषणरेषांपैकी पुष्कळशा उजळून उठतात, कारण ज्या रंगांचा प्रकाश वायू शोषतो तेच रंग तो उत्सर्जितही करतो. नायगमवाला यांचा या ग्रहणावरील अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली.