‘अर्धसत्य’ : अपमानाची उतरंड आणि एका पोलीसपटाची घडण

प्रस्तावना

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट १९८३ मध्ये प्रदर्शित झाला. समांतर चित्रपटाच्या चळवळीतून आलेल्या या कलाकृतीला समीक्षकांची मान्यता आणि सामान्य प्रेक्षकांची गर्दी या दोन्ही गोष्टी लाभल्या. पोलीस अधिकारी आणि गुन्हेगार यांच्यातील संघर्षाचा थरार हे या चित्रपटाचे सर्वपरिचित रूप होय. शेवटच्या प्रसंगात नायक खलनायकाचा गळा आवळतो आणि प्रेक्षक समाधानाचा निःश्वास सोडतो. हे समाधान चित्रपटाने खरोखर देऊ केले आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. साहित्यकृतीचे माध्यमांतर आणि समाज व चित्रपट यांचा संबंध हे विषय महाविद्यालयीन अभ्यासात येतात. त्या दृष्टीनेही या प्रश्नाचा विचार करणे आवश्यक ठरते. ‘अर्धसत्य’चा खरा विषय गुन्हेगाराचा पाडाव हा नसून अपमान सत्तेच्या एका पायरीवरून खालच्या पायरीवर कसा सरकत जातो हा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

निर्मितीमागील माणसे

‘अर्धसत्य’ची भाषा हिंदी असली तरी त्याचे मूळ मराठी साहित्यात आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर हा चित्रपट आधारलेला असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांनी लिहिली. संवादलेखन वसंत देव यांचे आहे. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत आणणारे अनुवादक तेच होत. चित्रपटाला शीर्षक देणारी कविता दिलीप चित्रे यांची आहे. कथाकार, नाटककार, अनुवादक आणि कवी अशा चार मराठी लेखकांचे कर्तृत्व एका हिंदी चित्रपटात एकवटावे, ही घटना विरळाच म्हटली पाहिजे.

गोविंद निहलानी यांचा जन्म १९४० मध्ये कराचीत झाला. बंगळूर येथे छायाचित्रणाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी व्ही. के. मूर्ती यांचे सहायक म्हणून उमेदवारी केली. सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या मराठी चित्रपटाचे छायाचित्रण त्यांचेच होते. तेंडुलकरांच्या लेखनाशी त्यांचा संबंध असा आरंभापासूनच आला. पुढे श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४), ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६) आणि ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटांसाठी त्यांनी कॅमेरा हाताळला. ‘आक्रोश’ (१९८०) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट तेंडुलकरांनीच लिहिला होता. ‘आक्रोश’मधील आदिवासी नायक अन्याय सोसून मूक झालेला आहे, तर ‘अर्धसत्य’चा नायक कायद्याचा गणवेश घातलेला आहे. एकाच लेखक-दिग्दर्शकांनी प्रथम सत्तेच्या तळाशी असलेला माणूस पाहिला आणि नंतर त्या सत्तेचे हत्यार झालेला माणूस पाहिला, असा हा क्रम आहे.

तेंडुलकरांच्या दृष्टीने हा विषय आकस्मिक नव्हता. १९७० च्या दशकात नेहरू पाठ्यवृत्तीच्या निमित्ताने त्यांनी समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ या मराठी चित्रपटांच्या पटकथांतून राजकीय सत्तेचे व्यवहारही त्यांनी उलगडले होते. हिंसा ही काही दुष्ट माणसांची मक्तेदारी नसून परिस्थितीच्या दाबाखाली सामान्य माणसातही ती प्रकट होते, हे तेंडुलकरांच्या नाटकांतील सूत्र ‘अर्धसत्य’मध्ये पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत येऊन स्थिरावते.

काळाची पार्श्वभूमी

चित्रपटाच्या आगेमागेची मुंबई अस्वस्थ होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतील पोलिसांचाच असंतोष उफाळून आला आणि शहरात दंगली झाल्या. बिहारमधील भागलपूर येथे १९७९-८० मध्ये पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याच्या घटनांनी देश हादरला होता. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत सादर केलेल्या अहवालांतून पोलीस दलावरील राजकीय दबावाची नोंद घेतली होती. चित्रपटात यांपैकी कोणत्याही घटनेचा थेट निर्देश नाही. तथापि पोलीस एकाच वेळी पीडक आणि पीडित असू शकतो, ही जाणीव समाजात निर्माण झाल्यावर हा चित्रपट आला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कथानक : अपमानाच्या पायऱ्या

सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर (ओम पुरी) हा मुंबईतील एक प्रामाणिक पोलीस अधिकारी आहे. त्याचे वडील (अमरीश पुरी) पोलीस खात्यातूनच निवृत्त झालेले असून घरात त्यांचा शब्द अखेरचा आहे. अनंतने आईवर उगारला जाणारा हात लहानपणापासून पाहिला आहे. शिक्षण पुढे चालू ठेवण्याची इच्छा असताना वडिलांच्या हुकमामुळे त्याला पोलिसात यावे लागले. अपमानाची पहिली पायरी अशी घरातच आहे.

दुसरी पायरी रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) याच्या दारात आहे. मृत्यूच्या दारात असलेल्या एका माणसाने नाव घेतल्यामुळे वेलणकर या गुंडाला अटक करायला जातो. शेट्टी वाद घालत नाही, आवाजही चढवत नाही. तो केवळ एक दूरध्वनी करतो आणि वेलणकरला रिकाम्या हाताने परत फिरावे लागते. कायदा हातात असलेला माणूस एका दूरध्वनीने निःशस्त्र होतो, याचे इतके थंड चित्रण हिंदी चित्रपटात पूर्वी क्वचितच झाले असेल.

तिसऱ्या पायरीवर खुद्द पोलीस खातेच आहे. झोपडपट्टीतील स्त्रियांना छळणाऱ्या गुंडांना बदडल्याबद्दल वेलणकरवर निलंबनाची वेळ येते. वरिष्ठ सहकारी हैदर अली (शफी इनामदार) त्याला राजकीय वशिल्याने वाचवतो. हैदर अली वाईट माणूस नाही. व्यवस्थेत टिकून राहण्याची रीत त्याला कळली आहे, एवढेच. पुढे जीव धोक्यात घालून वेलणकर एका दरोडेखोराला पकडतो, तेव्हा त्याचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला दिले जाते. निलंबित होऊन मद्याच्या आहारी गेलेला माईक लोबो (नसीरुद्दीन शाह) हे वेलणकरच्या संभाव्य भवितव्याचे चित्र आहे. त्याची भूमिका लहान असली तरी तिच्या सावलीतून वेलणकर शेवटपर्यंत बाहेर पडत नाही.

कोठडीतील मृत्यू : चित्रपटाचा गाभा

श्रेय हिरावले गेल्यानंतर, दारूच्या अमलाखाली वेलणकर रेडिओ चोरल्याचा आरोप असलेल्या एका क्षुद्र चोराला कोठडीत इतके मारतो की तो मरतो. चित्रपटाचे पुनर्वाचन येथून सुरू व्हायला हवे. या चोराचे नाव प्रेक्षकांच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो रामा शेट्टी. परंतु चित्रपटाच्या नैतिक रचनेत हा मृत्यूच मध्यवर्ती आहे. वडिलांचा, शेट्टीचा आणि खात्याचा अपमान वेलणकरला वरच्या दिशेने परत करता आलेला नाही. म्हणून तो खालच्या दिशेने वळतो, आणि उतरंडीच्या अगदी तळाशी असलेल्या माणसावर कोसळतो. आईला मारणारे वडील आणि कैद्याला मारणारा मुलगा येथे एकमेकांच्या जागी येतात.

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, अशी तरतूद १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात होती. त्यामागे कोठडीतील मारहाणीची भीती हेही एक कारण होते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटक आणि कोठडीसंबंधी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, आणि २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. ‘अर्धसत्य’ या दोन्ही निकालांपूर्वीचा आहे. राजकीय हस्तक्षेप आणि कोठडीतील अत्याचार हे कायद्याने स्वतंत्रपणे हाताळलेले दोन प्रश्न एकाच साखळीचे दुवे असल्याचे या चित्रपटाने आधीच दाखवून दिले होते.

या मृत्यूनंतर वेलणकरला वाचवण्याची शक्ती एकाच माणसाकडे उरते. तो म्हणजे निवडणुकीच्या राजकारणात उतरलेला रामा शेट्टी. वेलणकर त्याच्याकडे मदत मागायला जातो, ही गोष्ट प्रेक्षक सहसा विसरतो. तो शेट्टीला मारण्यासाठी गेलेला नसतो. मदतीच्या मोबदल्यात लाचारी मागितली जाते तेव्हा त्याचा तोल जातो आणि तो शेट्टीचा गळा आवळतो. त्यानंतर तो ठाण्यात येऊन स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. शेट्टी मरतो, परंतु त्याला उभे करणारी व्यवस्था जागच्या जागी राहते. कोठडीतील चोरालाही न्याय मिळत नाही. म्हणूनच या शेवटाला विजय म्हणता येत नाही.

शीर्षक, कविता आणि ज्योत्स्ना

महाविद्यालयात साहित्य शिकवणाऱ्या ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) हिच्यामुळे दिलीप चित्रे यांची कविता वेलणकरच्या हाती पडते. मोठ्याने वाचता वाचता त्याचा स्वर गंभीर होत जातो. नायक-नायिकेच्या भेटीत जेथे गाणे अपेक्षित असते, तेथे येथे कविता येते. चक्रव्यूहाची प्रतिमा महाभारतातील तेराव्या दिवसाच्या युद्धाची आठवण देते. व्यूहात शिरण्याची विद्या असलेल्या, परंतु बाहेर पडण्याची विद्या नसलेल्या अभिमन्यूचा त्या दिवशी वध झाला. पंधराव्या दिवशी द्रोणवधाच्या वेळी युधिष्ठिराने उच्चारलेले अर्धसत्य मराठी वाचकाला सुपरिचित आहे. या दोन्ही संदर्भांत वेलणकर उभा आहे. तो अभिमन्यूप्रमाणे वेढलेला आहे हे सत्य होय. परंतु त्याच्याही हाताला निर्दोष म्हणता येणार नाही, हे त्याच सत्याचे उरलेले अर्धे अंग आहे.

पौरुष सिद्ध करण्याची वेलणकरला लागलेली ओढ हीच त्याची दुखरी नस आहे. वडिलांनी ती त्याच्यात रुजवली आणि शेट्टीने ती नेमकी हेरली. ज्योत्स्ना या ओढीकडे सहानुभूतीने पाहते, परंतु कोठडीतील हिंसेचे समर्थन करीत नाही. प्रेक्षकाने वेलणकरवर प्रेम करावे, मात्र त्याच्या कृत्याला होकार देऊ नये, ही चित्रपटाची भूमिका तिच्या रूपाने व्यक्त होते.

अभिनय आणि सादरीकरण

पुरस्कारांवरून या चित्रपटाची सामूहिक घडण लक्षात येते. ओम पुरी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअर पुरस्कारांत चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि सहायक अभिनेता या विभागांत ‘अर्धसत्य’ची निवड झाली. सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मराठी रंगभूमीवरून आलेल्या सदाशिव अमरापूरकर यांना मिळाला. आरडाओरडा न करता केवळ स्वस्थपणातून दहशत निर्माण करणारा त्यांचा खलनायक हिंदी पडद्याला नवा होता. ओम पुरी यांच्या अभिनयात दाबलेला राग जबड्यात आणि खांद्यात दिसतो. तो शब्दांत फार उशिरा येतो. छायाचित्रण स्वतः निहलानी यांनी केले, संगीत अजित वर्मन यांचे होते, तर संकलन रेणू सलुजा यांचे. त्यामुळे ठाणे, रस्ता आणि घर यांतील अंतर कमी होत जाते आणि वेलणकरला कोठेही मोकळा श्वास मिळत नाही, असा परिणाम साधला गेला आहे.

उत्तरकालीन पोलीसपट

‘जंजीर’ (१९७३) मध्ये पोलीस नायकाच्या संतापाला जुन्या अन्यायाच्या सुडाचे नैतिक अधिष्ठान होते. ‘अर्धसत्य’ने हे अधिष्ठान काढून घेतले. त्यानंतरच्या पोलीसपटांनी या चित्रपटाचा वारसा पूर्णपणे स्वीकारला असे म्हणता येणार नाही. ‘अब तक छप्पन’ (२००४) मध्ये चकमकफेम अधिकाऱ्याच्या एकाकीपणाचे चित्रण आहे. ‘सिंघम’ (२०११) मध्ये मात्र कायद्याबाहेर केलेल्या हत्येच्या मागे पोलीस दलच एकजुटीने उभे राहते आणि प्रेक्षकाला ते अभिमानास्पद वाटावे अशी मांडणी केली जाते. वेलणकर हत्येनंतर एकटाच ठाण्यात येतो. या एकटेपणातील अर्थ सुटला, की ‘अर्धसत्य’मधून उरतो तो केवळ गळा आवळण्याचा क्षण.

समारोप

‘अर्धसत्य’ हा भ्रष्ट व्यवस्थेविरुद्ध लढणाऱ्या प्रामाणिक पोलिसाचा चित्रपट आहे, हे विधान खोटे नाही. ते अपुरे आहे. ज्याला वर न्याय मिळत नाही तो खाली अन्याय करू लागतो, आणि त्याची किंमत ज्याला मोजावी लागते त्याचे नावही कोणी लक्षात ठेवत नाही, हे या चित्रपटाचे उरलेले सत्य होय. वर्गात हा चित्रपट दाखवताना चर्चेचा आरंभ रामा शेट्टीच्या मृत्यूपासून न करता त्या रेडिओचोराच्या मृत्यूपासून केल्यास पानवलकर, तेंडुलकर, चित्रे आणि निहलानी यांनी मिळून मांडलेला प्रश्न विद्यार्थ्यांपर्यंत अधिक नेमकेपणाने पोहोचू शकेल.